मार्च एकोणसत्तरचा कार्ब्युरेटर

अर्विंग,
१२ जानेवारी २००४

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या कानांनी फोनशी फारकत घेतली आणि मला पुन्हा कागद-पेन धरावं लागलं. अक्षर बिघडलंय, हसू नकोस.

गॅरेजमधल्या बाईसाहेब आहेत तशाच. एकोणसत्तरची हिरवी पाँटियाक जीटीओ. आठ वर्षं ती आत, माझी कॅमरी बाहेर गारा खात उभी. तुला ठाऊक आहेच, शैलेंद्र शिकायला इथे आला तेव्हा एका शोरूममध्ये गाड्या धुवायचा. अशीच एक धुऊनपुसून त्यानं नव्या मालकाच्या हाती किल्ली दिली, ती गाडी अजून त्याच्या डोक्यातून जात नाही. म्हणून ही गाडी त्या दिवशी ती होती तश्शी हवी. मला हात लावू देत नाही. बाकी सगळं झालंय, अडलंय एका कार्ब्युरेटरवर. गाडी मार्चअखेरीस फॅक्टरीतून निघाली, तेव्हा त्याच्यावरचा तारखेचा शिक्का जरा आधीचा हवा. हुबेहूब नवा मिळतो, तो बसव म्हटलं तर म्हणाला, कवळी लावून बोहल्यावर चढू का.

मला त्या गाडीचं सोयरसुतक नाही. पण त्याला काचबिंदू झालाय. बाजूचं दिसणं कमी होत चाललंय आणि गेलेलं परत येत नाही, असं डॉक्टर म्हणतात. पुढच्या वर्षी मार्चमध्ये लायसन्स रिन्यू करायचंय. त्याआधी त्यानं ती एकदा तरी चालवावी, एवढंच मला हवंय. तुमच्या बाजूला भंगारवाले पुष्कळ आहेत. बघशील? काय हवं ते चिठ्ठीवर लिहिलंय.

रेखावहिनींना नमस्कार. माया आहे, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
नंदा


जर्सी सिटी,
४ एप्रिल २००४

चि. सौ. नंदास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या सवतीपायी तीन भंगारवाले पालथे घातले. मला ऐकू येत नाही, म्हणून चिठ्ठी पुढे करायची आणि मान कुठल्या दिशेला हलते ते बघायचं. पहिल्याकडे एकाहत्तरचा होता. दुसऱ्यानं सत्तरचा काढला आणि एका वर्षानं काय बिघडतं, असं काहीसं बडबडला; बहिरेपणाचे फायदेही असतात. तिसऱ्याकडे कुत्रं होतं. चिखलातून गुडघे ओढत घरी आलो, तर रेखानं दारातच बूट काढायला लावले.

आणि हात लावू देत नाही म्हणजे काय? नागपूरला बाबांच्या फियाटवर मी तुला गिअर टाकायला शिकवलं, हे त्याला सांगितलं नाहीस वाटतं. क्लचवर पाय ठेवून बसायची तुझी खोड मात्र सांगू नकोस.

खरं सांगायचं तर थकलोय. पण तू आजवर मागितलंस काय मोठं? शोधतो.

प्रकृतीला जप, त्यालाही जपायला लाव.
तुझा,
दादा


अर्विंग,
२२ ऑगस्ट २००४

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

इथला उन्हाळा संपत नाही आणि गाडीही. तुझा कुत्र्याचा किस्सा त्याला वाचून दाखवला, पोट धरून हसला. वाचून दाखवावा लागला, यावरून काय ते समज.

परवा ग्रोसरीला जाताना डावीकडचा सायकलवाला त्याला दिसलाच नाही. मी ओरडले म्हणून थांबला. तेव्हापासून कॅमरी मी चालवते. त्यावर घरात कुणी बोलत नाही. आमचा अमित फोनवर म्हणतो, जस्ट सेल इट, आई. लेकाला सांगायला काय जातंय.

रविवारी हा बंद गाडीत स्टिअरिंगवर हात ठेवून तासभर बसतो. मी चहा नेला की आरसा पुसत असल्याचं सोंग करतो. दादा, मी कंटाळले रे. गाडीला नाही, वाट बघायला. तू आता गुडघे झिजवू नकोस. नशिबात नसेल तर नाही.

पत्राला उत्तर दे, तेवढा आधार वाटतो.
तुझी,
नंदा


जर्सी सिटी,
९ ऑक्टोबर २००४

चि. सौ. नंदास,
अनेक आशीर्वाद.

मिळाला! पेनसिल्व्हेनियात, एका म्हाताऱ्याच्या कोंबड्यांच्या खुराड्यात. शिक्का ०६२९, म्हणजे वर्षाचा बासष्टावा दिवस, साल एकोणसत्तर. तीन मार्च. तीनदा बोट फिरवून वाचला.

म्हातारा काही केल्या देईना. शेवटी चिठ्ठीच्या खाली लिहिलं, मेहुण्याचे डोळे चाललेत. त्यानं वाचलं आणि पिशवी आणायला उठला.

आत उंदराचं घरटं होतं, तेवढं काढलं. बाकी हात लावलेला नाही. रेखाच्या जुन्या साडीत गुंडाळून पोस्टानं पाठवतोय. दसऱ्याच्या आत पोचेल. पूजेला ठेव, मग बसवा.

सुखरूप पोचल्याचं कळव.
तुझा,
दादा


अर्विंग,
२६ ऑक्टोबर २००४

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

काय तोंडानं लिहू? खोकं दसऱ्याच्या आदल्या दिवशी आलं. शैलेंद्र डॉक्टरांकडे गेला होता. ती वस्तू इतकी कळकट, वर कोंबड्यांची घाण. देवापुढे अशी कशी ठेवायची? पूजेच्या भांड्यांसाठी चिंच भिजवलेलीच होती. चिंच, मीठ आणि ब्रश. पिवळट थर निघाला, एक निळा डाग होता तोही निघाला. ताम्हनात ठेवला तेव्हा चांदीसारखा चकाकत होता. मी आपली खूश.

तो आला, कार्ब्युरेटर घेऊन खिडकीपाशी गेला. मग हळू आवाजात सांगितलं, की पिवळा मुलामा फॅक्टरीचा होता आणि निळा ठिपका तिथल्या तपासनिसानं हातानं लावलेला. ओरडला असता तर बरं झालं असतं. पस्तीस वर्षांत उंदराकोंबड्यांना जमलं नाही ते मी एका दुपारात करून दाखवलं. शिक्का तेवढा उरलाय.

त्या दिवसापासून तो गॅरेजमध्ये गेलेला नाही. मला रडू आवरत नाही, दादा. तुझी एवढी पायपीट मी मातीत घातली.

रागावलास तरी टाकू नकोस.
तुझी,
नंदा


अर्विंग,
१० एप्रिल २००५

ती. पुरुषोत्तमराव यांस,
कृ. सा. न. वि. वि.

नंदाच्या पत्राला उत्तर तुम्ही तेव्हाच पाठवलंत. पूजेला ठेव तुम्ही म्हणालात, म्हणून चूक तुमचीच, असं तिला लिहिलंत. आज मी लिहितो. अक्षर मोठं काढलंय, म्हणजे ओळी एकमेकींवर चढत नाहीत.

चूक तुमची नाही आणि तिचीही नाही. शेवटची दोन वर्षं मी तोंडानं पार्ट शोधा म्हणत होतो, आणि मनात तो मिळू नये असं वाटत होतं. पार्ट नाही तोवर गाडी निघत नाही. गाडी निघत नाही तोवर मला चालवता येते की नाही, हे कुणी विचारत नाही. पार्ट आला आणि ते निमित्त गेलं; चिंचेनं नवं देऊ केलं, पण ते मला घेववलं नाही. आणखी एक शोधा म्हणायला तुमचे गुडघे उरले नव्हते आणि माझं तोंडही.

फेब्रुवारीत तोच बसवला. गाडी सुरू झाली. तो आवाज तुम्हालासुद्धा ऐकू आला असता. ड्राइव्हवेवर मागे घेतली. डावीकडची पत्रपेटी मला दिसली नाही, धडकल्यावर कळली. दारावर वीतभर ओरखडा आहे, तो तसाच ठेवलाय. लायसन्स रिन्यू करायला गेलो नाही. वाईट वाटलं, फार वाटलं. वर्षभर आधी कवळी लावून का होईना चालवली असती तर, हे रोज मनात येतं.

काल पाडवा. सकाळी गाडी धुतली, पुसली, हार घातला आणि किल्ली नंदाच्या हाती दिली. तुम्ही शिकवलेलं ती विसरलेली नाही; क्लचवरचा पाय मात्र काढत नाही. तळ्यापर्यंत जाऊन आलो. एकोणसत्तर सालीही मी एवढंच करत होतो, धुवायची, पुसायची, किल्ली द्यायची. तेव्हा कुणी आतून दार उघडून बस म्हणालं नव्हतं.

तुमचा लोभ खुराड्यातून का होईना, पोचला. असाच येऊ द्यावा.
आपला,
शैलेंद्र