युस्रच्या लग्नातला मासा

स्फाक्स, शनिवार

प्रिय मैत्रीण दलेंदा हिला नझीहाचे मनापासून सलाम. देव तुला आणि तुझ्या दोन्ही गुडघ्यांना सुखात ठेवो. मार्सेयची थंडी ओसरली का? इथे सगळे खुशाल. ह्यांचा खोकलाही खुशाल (सध्या घरात तोच काय तो ठणठणीत आहे).

माझ्या नातीचं लग्न तू फोनवर लाइव्ह पाहिलंस, हे मला ठाऊक आहे. तरी लिहितेय, कारण तू पाहिलंस ते लग्न नव्हतंच, माझं थोबाड होतं.

आमच्या युस्रने सगळं लग्नच फोनमध्ये नेऊन ठेवलं होतं. लग्नाचं वेगळं पान, त्याचा वेगळा ग्रुप, आमंत्रणही त्यावरच. आपल्या वेळी आमंत्रण करणारी बाई दारोदार फिरायची, घरोघर बदाम खायची आणि शेवटच्या घरी पोचेपर्यंत लग्न कुणाचं तेच विसरायची; तरी माणसं बरोब्बर यायची. आता ग्रुपवर हुकूम सुटला की सगळ्यांनी फिकट पिस्ता रंग घालावा. (मी त्यात उकडलेल्या दुधीसारखी दिसत होते. तू पाहिलंच असशील, दुसरं काही दिसतच नव्हतं.)

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आमच्या अंगणात, आपल्या स्फाक्सच्या रीतीप्रमाणे, नवरानवरीने मुलाकडून आलेला मासा उडी मारून ओलांडायचा होता. युस्र म्हणाली, "आजी, तू नुसता फोन धर. परदेशातली सगळी मंडळी बघणार आहेत." तिने काहीतरी दाबून फोन माझ्या हाती दिला, मग मीही काहीतरी दाबलं असणार. चष्मा नव्हता. समोर एक धूसर म्हातारी दिसत होती. मला वाटलं, नवरदेवाची आत्या मध्ये येतेय. दोनदा तिला म्हटलंही, "बाई, जरा बाजूला व्हा की!" पडद्यावर खालून लाल बदाम उडत होते, अक्षरं सरकत होती. मी समजले, लोक आशीर्वाद देताहेत. ते बिचारे लिहीत होते, "आजी, फोन फिरवा!"

वर तोंडाचा पट्टा चालूच. शेजारणीला म्हटलं, "हा मासा? एवढा तर आम्ही मांजरापुढे टाकायचो. पोराच्या आईने हात आखडता घेतलेला दिसतोय." हे नवरदेवाच्या मावशीने तिकडे लिओंला बसून ऐकलं, आणि तिने तिथल्या तिथे बहिणीला, म्हणजे माझ्या विहीणबाईंना, वसीलाला, फोन लावला.

वसीला फोन कानाला लावूनच अंगण ओलांडून माझ्याकडे आली. ढोलवाला थांबला. युस्रचा चेहरा पांढराफटक. आपल्या गल्लीत याहून लहान माशांवरून दोन घरांचं बोलणं तुटलंय, तुला सांगायला नको.

"नझीहाबाई," ती म्हणाली, "मोठा मासा माझ्या घरी बर्फात पडलाय. आमचे हे पहाटे बंदरावर जाऊन घेऊन आले. तुमच्या नातीचा निरोप आला, फोटोत शेपटी मावत नाही, लहान आणा."

सगळ्यांनी युस्रकडे पाहिलं. युस्रने सतरंजीकडे.

"अगं, मग फोन आडवा धरायचा ना!" मी ओरडले.

"मी तेच म्हटलं!" वसीला म्हणाली. तिने माझ्या हातातून फोन काढून सतरंजीवर पालथा टाकला आणि मला अशी मिठी मारली की माझी बरगडी अजून दुखतेय.

मग दोन जण तो मोठा मासा टोपल्यात घालून घेऊन आले. टोपल्याबाहेर वीतभर शेपटी! आमचा नातजावई अनीस मोठ्या ऐटीत उडी मारायला गेला, शेपटीवर पाय पडला आणि थेट माशाच्या मांडीवर जाऊन बसला. त्याला ओढायला गेली ती युस्रही घसरली. गाऊनला खवले, केसांत बर्फ, आणि दोघं हसताहेत गं, हसताहेत! महिनोन् महिने ती पोरगी फोटोसाठी हसत होती. हे हसू निराळं होतं. मला तुझं लग्न आठवलं. तुझ्या अब्बांनी केर्केन्ना बेटावरून आणलेला मासा जिवंतच निघाला, त्याने शेपटी आपटली आणि तुझा मोन्सेफ (देव त्याला जन्नत देवो) काकांच्या खांद्यावर चढून बसला. तेव्हा तूही अशीच, पोट धरून.

अनीस पडला त्या क्षणाचा एकही फोटो नाही. जो तो हसण्यात नाहीतर मासा आवरण्यात गुंतलेला. म्हणून हे सगळं तुला लिहून कळवलं.

लोभ आहे, तो गुडघ्यांसारखा कुरकुरत का होईना, चालू राहू दे.

तुझी,
नझीहा

ता. क. : तिकडे फोन धरायची काठी मिळते म्हणे. एक पाठव. मला या फोनबिनाचं मुळीच वेड नाही, पण पुढच्या महिन्यात वसीलाच्या पुतण्याची सुंता आहे आणि लाइव्ह मीच करावं असा तिचा आग्रह आहे.

ता. क. दुसरं : युस्रने काल मला दाखवलं. फोन पालथा पडल्यावर नुसता अंधार दिसत होता, आवाज तेवढा येत होता, तेव्हा बघणारे एकेक करून निघून गेले. शेवटपर्यंत एकच जण राहिलं, आणि नाव तुझं होतं. एवढं ऐकायचं असेल तर ये ना गं. तुझी खाट मी उन्हात टाकून ठेवलीय.