सर बाकावर बसले तो तास

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. लातूरला आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये बसून मी आज तुम्हाला लिहितेय, कारण परवा माझ्या तोंडून एक वाक्य गेलं आणि तुमचा नांदेडचा वर्ग जसाच्या तसा समोर आला.

मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. मुदखेडहून रोज पॅसेंजरनं यायची. चाचणीत वर्गात पहिली आले. पेपर हातात देताना तुम्ही हसत म्हणालात, "तुला काय काळजी? तुझी जागा राखीवच हाय." सगळा वर्ग हसला. मी पेपरची घडी घातली ती घरापर्यंत उघडलीच नाही. उद्यापासून जाणार नाही, असं बापूंना सांगितलं. बापू म्हणजे माझे वडील, रेल्वेत गँगमन. ते जेवता जेवता थांबले आणि म्हणाले, "न्हाई गेलीस तर त्या सरला आपलंच खरं वाटंल."

म्हणून गेले. तुम्ही हजेरी घेतली, खडू ठेवला आणि येऊन पहिल्या बाकावर पोरांच्या शेजारी बसलात. "काल मी बोललो ते चुकलं. का चुकलं ते तू पुढं येऊन सांग. मी मधी बोलणार न्हाई."

पुढं गेले. मी म्हणाले, "रात्र रात्र जागून मी मार्क मिळवले, सर. तुम्ही ते एका वाक्यात काढून घेतले." मग आजोबांचं सांगितलं. ज्या शाळेच्या दारात त्यांना उभं राहावं लागलं, तिथंच पुढं बापूंना आत बसायला मिळालं, ते सांगितलं. तुम्ही दोनदा तोंड उघडलंत आणि मिटलंत. माझं संपल्यावर विचारलंत, "माझ्या पुतण्याला चांगले मार्क पडूनही प्रवेश मिळाला न्हाई. त्याला घरी काय सांगू?" मी म्हणाले, "राग येणारच, म्हणावं. पण तो माझ्यावर काढू नको." तुम्ही मान हलवलीत. "हे सांगतो. बाकीचं मला अजून पटलं न्हाई, पण हे सांगतो." घंटा होऊन गेली तरी कुणी उठलं नव्हतं.

आणि परवा वर्गात फीवर बोलणं चाललं होतं. फीची सवलत आम्हाला का नाही, असं एक विद्यार्थी विचारत होता, शेतकऱ्याच्या घरचा. मी त्याला म्हणाले, "तुम्हाला काय, तुमच्या जमिनी आहेत." तो हळूच म्हणाला, "दीड एकर हाय मॅडम. चार भावांत." आणि खाली बसला.

दुसऱ्या दिवशी मीही बाकावर बसले. त्याला पुढं बोलावलं. तो फळ्याकडं बघतच म्हणाला, "मॅडम, तुम्ही मला बघितलंच न्हाई. आडनाव बघितलं." नंतर शिष्यवृत्तीवरून आम्ही तासभर भांडलो. त्याचं मला पटलं नाही, माझं त्याला. पण जाताना तो दारात थांबून म्हणाला, "उद्या ऱ्हायलेलं बोलू."

हे पत्र वहीतच राहणार आहे, म्हणून एक कबूल करते. तुमचं ते वाक्य मी नवऱ्याला सांगितलं, मैत्रिणींना सांगितलं, भाषणांतसुद्धा सांगितलं. दर वेळी वर्ग हसला तिथंच मी गोष्ट संपवली. तुम्ही बाकावर येऊन बसलात, हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.