देण्याजोगं एकही पुस्तक नाही

७ ऑक्टोबर, सोमवार
नवं पर्व सुरू. शाळेच्या ग्रंथालयातल्या पुस्तकांत भेदभाव आहे का, हे तपासायचं काम मुख्याध्यापकांनी माझ्यावर सोपवलं. समितीत मी एकटाच, म्हणजे मतभेदाचा प्रश्न मिटला. दोष सापडला की पुस्तकाला लाल स्टिकर आणि रवानगी मागच्या खोलीत. महिन्याभरात ग्रंथालय धुतल्या तांदळासारखं करून दाखवतो.

ग्रंथपाल बाई म्हणाल्या, आधी मुलांना विचारा ना, त्यांना काय वाटतं. बायकांना उगीच भावनेत वाहून जायची सवय असते. हसून सोडून दिलं.

९ ऑक्टोबर, बुधवार
एका पुस्तकात आई सतत स्वयंपाकघरात. स्टिकर. दुसऱ्यात आई ऑफिसात, पण बाबांच्या हातून दूध उतू जातं. पुरुषांची बदनामी. स्टिकर. तिसऱ्यात नुसते प्राणी, माणसांना साफ डावललेलं. स्टिकर. हात छान बसलाय.

आईच्या चित्रणाबद्दल बायकोला सविस्तर सांगणार होतो, पण ती भांडी घासत होती. चहा तेवढा मागितला.

१५ ऑक्टोबर, मंगळवार
एक माणूस टेप घेऊन ग्रंथालयाची खोली मोजून गेला. भिंती, खिडक्या, दार. कुणाशी एक अक्षर बोलला नाही. नवी कपाटं येणार! कामाची दखल वरपर्यंत गेलेली दिसते. ग्रंथपाल बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. जळतात.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार
आज लेकीचं लाडकं पुस्तक हाती आलं. लेक आमच्याच शाळेत, तिसरीत. कानाला मशीन लावल्याशिवाय तिला ऐकू येत नाही. पुस्तकातल्या सशालाही तसंच मशीन. ते हरवतं, ससा रडतो, मित्र हसतात. नुसता बिचारेपणा! असल्या मुलांना कणखर दाखवायला हवं. बापाचं काळीज बाजूला ठेवून स्टिकर लावला.

लेक म्हणाली, बाबा, शेवटी तेच मित्र मशीन शोधून देतात, तुम्ही शेवट वाचलात का? आता प्रत्येक पुस्तक शेवटपर्यंत वाचत बसलो तर काम कधी उरकणार?

२१ ऑक्टोबर, सोमवार
मी बोलायला लागलो की लेक मशीन काढून चार्जिंगच्या डबीत ठेवते. बॅटरी वाचवत असेल. काटकसरी आहे, माझ्यावर गेलीय.

२४ ऑक्टोबर, गुरुवार
काम फत्ते. कपाटं रिकामी. मधल्या सुट्टीत मुलं दारातून डोकावतात आणि मुकाट्यानं निघून जातात. केवढी शिस्त! खोलीत चाललं की आपलीच पावलं मागून ऐकू येतात. मघाशी उगाच दोनदा वळून पाहिलं.

टेपवाला पुन्हा आला, या वेळी आणखी एकाला घेऊन. दाराचं कुलूप बदललं. चावी मला द्यायला विसरले.

अहवालाचं शेवटचं वाक्य झकास जमलं : 'या ग्रंथालयात मुलांच्या हाती देण्याजोगं एकही पुस्तक नाही.' ग्रंथपाल बाई म्हणाल्या, सर, हे वाक्य तेवढं काढा, हात जोडते. मी? आणि काढणार?

२९ ऑक्टोबर, मंगळवार
सभा. मुख्याध्यापकांनी माझं वाक्य मोठ्यानं वाचलं, मग पुन्हा वाचलं. मी कौतुक स्वीकारायला उठायच्या बेतात होतो. तेवढ्यात ते म्हणाले, देण्याजोगं पुस्तकच नाही तर ग्रंथालय हवं कशाला? ती खोली ऑफिसला जोडायचं कधीपासून अडलंच होतं. बाईंना उद्यापासून येऊ नका म्हणाले. माझे जाहीर आभार मानले.

काहीतरी गैरसमज झालाय. उद्या नीट समजावतो. माझा शब्द ते मोडणार नाहीत.

३० ऑक्टोबर, बुधवार
मुख्याध्यापक भेटले नाहीत. मागची खोली झाडून-पुसून मोकळी. रद्दीचा टेम्पो सकाळीच गेला होता. तसाच रद्दीवाल्याकडे धावलो, उरलेले गठ्ठे सोडून पाहिले. ससा नव्हता. पहिली खेप कागद कारखान्यात गेली म्हणाला, एव्हाना लगदा झाला असेल.

घरी आलो. लेक पाठमोरी बसली होती. म्हटलं, बाळा, चुकलं माझं. वळली नाही. पुन्हा म्हटलं, जोरात. बायको म्हणाली, ओरडू नका, तिनं मशीन काढून ठेवलंय.

चार्जिंग संपलं असेल, लावून द्यावं, म्हणून डबी उघडली. हिरवा दिवा लागला होता. बॅटरी पूर्ण भरलेली.