अकरा नंबरचा तेरडा

१० सप्टेंबर
...आणि हो, ते छोटं फावडं सापडलं शेवटी, सॅकच्या तळाशी. पोचले एकदाची! डोंगरातली वाडी, सावळेरामकाका आणि कोंडाबाईंचं घर. काम मस्त आहे. खाली लोणी गावाकडे बांधावरचा तेरडा वीतभर, बारीक पानांचा, इकडे कमरेएवढा. जात एकच, मग फरक का? प्रत्येक ठिकाणची वीस रोपं मुळासकट उपटायची, पेपरात दाबून वाळवायची, डीएनएसाठी एक पान वेगळं. काका म्हणाले, "पुण्यावरनं तण उपटाया आली व्हय? मग आमच्या भातात ये की!"

११ सप्टेंबर
जॅकपॉट! घरामागच्या उतारावर एकोणीस रोपं, आणि एकाचं फूल दुसऱ्यासारखं नाही! इतक्याशा जागेत असं कधी होत नाही. सगळी उपटली. अकरा नंबर बेस्ट: पांढरं फूल, एका पाकळीवर लाल ठिपका.

१२ सप्टेंबर
दात यायच्या आधी गेलेली बाळं इथले लोक त्या उतारावर पुरतात. मुठीत तेरड्याचं बी देऊन. गौरीलासुद्धा तिथला तेरडा कोणी आणत नाही. मी कोणाला विचारलंच नव्हतं.
कोंडाबाईंची रोहिणी गेली तेव्हा चार महिन्यांची होती. गालावर लाल डाग. एकतीस वर्षं त्या दर पावसाळ्यात तिला बघायला जातात. बी धरायच्या आत तेरडा उपटला की संपला, पुढच्या वर्षी उगवत नाही. हे मी परीक्षेत लिहिलंय.
त्या ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "माझी कंची हाय, तेवढी दाव."
दाखवली. पेपरावर हळूहळू थोपटत बसल्या.

१४ सप्टेंबर
अठरा वाळली. अकरा नंबर ताजं. पेपर ओला. दुधाचा वास येतोय.

१५ सप्टेंबर
मुळं पाच झालीत. बरोब्बर पाच, आखूड.
कोंडाबाई म्हणाल्या, परत लाव. सकाळी नेलं, खड्डा केला. मुळांनी माती धरलीच नाही. माझं बोट धरलं —

१६ सप्टेंबर
सुटत नाही. गरम आहे. बोटापासून अख्खा डावा पंजा निळा पडलाय. शेंग धरलीये, एकच. पिकायला अजून आठवडा तरी —
काकांनी कात्री दिली. वहीशेजारी आहे. कापलं तर बी नाही. रोहिणी कायमची — नाही कापलं तर हात —
कोंडाबाई समोर बसल्यात. नको म्हणत नाहीत. थोपटतायत. माझ्या हाताला —
सांगा ना, माझ्या जागी तुम्ही असता, तर कापलं असतं का —?