कूलरमागचे तीन फूट

५ एप्रिल
जागा मिळाली! धरमपेठेत, साड्यांच्या आणि सोन्याच्या दुकानांच्या रांगेत, दुसऱ्या मजल्यावर 'रोशनी मेश्राम, आर्किटेक्ट' असा बोर्ड लागणार. खापरखेड्याच्या क्वार्टरमध्ये जेवणाच्या टेबलावर नकाशे काढायचे दिवस संपले. धाकट्या बहिणीची, काजलची, शेवटची परीक्षा झाली की तीही इथेच येईल. असिस्टंट म्हणून नाही, पार्टनर म्हणून, असं तिनं मला दरडावून सांगितलंय.

घरमालक मधुकरराव खालच्या मजल्यावर राहतात. माणूस गोड, जरा जास्तच गोड. आधीचा भाडेकरू सुमंत नावाचा वकील होता. तो एकाएकी सोडून गेला म्हणे. मागच्या भिंतीत मोठा कूलर आधीपासून बसवलेला आहे. नागपूरच्या उन्हाळ्यात आणखी काय हवं? तो गारवा लागला आणि मी मोजमाप न घेताच करारावर सही करून मोकळी झाले. आर्किटेक्ट असून! काजलला हे कळलं तर माझी धडगत नाही.

१४ एप्रिल
आज जयंतीच्या दिवशीच उद्घाटन केलं. आई-बाबा आले, बुद्धवंदना झाली, पेढे वाटले. कूलरसमोरून आई उठायलाच तयार नव्हती. गंमत म्हणजे नऊ दिवसांत मी त्यात एकदाही पाणी भरलेलं नाही. टाकी रोज काठोकाठ असते. झाडूपोछा करणाऱ्या कांताबाई भरत असतील.

१७ एप्रिल
कांताबाईंचे आभार मानले तर त्या बघतच राहिल्या. मी नाई भरत बाई, मले तर मालकानं त्या कूलरले हात लावाची मनाई केली हाये, म्हणाल्या आणि पोछा अर्धा टाकून गेल्या. मधुकररावांना विचारलं. ते हसले. कोणीतरी भरून राहिलं ना, मग काहून टेन्शन घेता मॅडम, म्हणाले. हे काही उत्तर झालं नाही. बिल्डर लोकांबरोबर दहा वर्षं काढली आहेत मी. लपवाछपवी मला लगेच कळते.

२२ एप्रिल
दुपारी दोन वाजता. पंचेचाळीस डिग्री. दुकानांची शटरं अर्ध्यावर, रस्त्यावर चिटपाखरू नाही. शेवटी टेप काढला. खोली आतून अठरा फूट. गच्चीवरून मोजलं, भिंतींची जाडी वजा केली, तर एकवीस. मागच्या गल्लीत जाऊन पाहिलं. भिंत सपाट, खिडकीच नाही. मग हा कूलर हवा ओढतो कुठून?

वळले तर मधुकरराव गल्लीच्या तोंडाशी उभे. मोजून झालं का, असं विचारलं त्यांनी. राग आला. खरं तर भीती वाटली.

२५ एप्रिल
कूलर बंद करून कान लावला. आत बादली टेकल्याचा आवाज. मग टाकीत पाण्याची धार. हळूहळू, सांडू न देता.

सोडून जाऊ? काजलनं या पत्त्याची कार्डं छापून आणली आहेत. तिला काय सांगू?

२८ एप्रिल
जाळीतून माणूस बोलला. मी सुमंत, म्हणाला. मधुकररावांनी कोंडलंय, तीन उन्हाळे झाले. स्क्रू तुमच्या बाजूनं निघतात मॅडम, फक्त हात द्या, म्हणाला. म्हणजे माझा संशय खरा होता! पोलिसांना मग बोलावते, आधी त्याला—

तारीख माहीत नाही
मी आत आहे. हात दिला, त्यानं ओढलं, आणि तो माझ्या अंगावरून बाहेर गेला. माफ करा मॅडम, म्हणाला. रडत होता. जाळी परत जागच्या जागी. माझ्या बाजूला स्क्रू नाहीत.

एक नळ, एक बादली. पाणी संपलं की हवा तापते, जीव गुदमरतो. म्हणून भरायचं.

मधुकरराव आले होते. मी जिवाच्या आकांतानं ओरडले. त्यांनी कूलरचा स्पीड वाढवला.

नंतर
काजल आली. माझ्या खुर्चीत बसून रडली. ताई एकाएकी सोडून गेली, सांगत होते मधुकरराव. ती म्हणते, ताई येईपर्यंत ऑफिस मी चालवणार.

हाक मारली तर ती हात देईल. मग मी बाहेर, ती आत. तोंडात ओढणी कोंबली आहे.

दुपार
पाणी भरणं बंद केलं. खोली तापली की ती जाईल. जा गं बाई—

मला श्वास नाही—

पंप कोरडा पडला, खरखरतोय. ती गेली नाही. उठली. कूलरशी वाकून बघतेय. आत कोणी आहे का, विचारते—

स्क्रू फिरतोय. एक. ओरडू नको रोशनी. दोन—

तिची बोटं आत आली. काजल, जा, मी नाही, मी नाही, माझा हात आपोआप तुझ्या—