विषयपत्रिकेच्या आधी एक सत्कार

सोम., ९ फेब्रु.

नवीन पनवेलच्या इतिहासात आजवर अनेक अन्याय झाले असतील, पण माझ्या उशीवर झालेला अन्याय त्या सर्वांत अग्रेसर आहे. खिडकीसमोरच्या खांबावर महापालिकेने नवा दिवा बसवलाय. पांढराफटक. तो रस्ता सोडून थेट माझ्या डोळ्यांवर पडतो. शेजारी सुनंदाच्या उशीवर गडद सावली. प्रशासनाने नवरा-बायकोत केलेला हा उघड भेदभाव आहे. सु. म्हणते, पडदा लाव. तत्त्वाचा प्रश्न असताना पडदा कसला लावायचा? साप्ताहिकातल्या सदरात अख्खा लेख लिहिला, गेल्या आठवड्यात छापून आला. दिवा जागच्या जागी.

दुपारी आमच्या वॉर्डाचे नगरसेवक मोहनशेठ यांचा फोन. वाटलं, आता झापणार. उलट हसत होते. ‘तुम्ही आम्हाला हाणता, पण गोड हाणता हो. महापौरांनी घरच्यांना वाचून दाखवला दिव्याचा लेख.’ पुढच्या महासभेत विषयपत्रिकेच्या आधी शहरातल्या मान्यवरांचे सत्कार आहेत. एक जलतरणपटू मुलगी, एक म्हातारे डॉक्टर, आणि मी.

विचार करून कळवतो म्हणालो. विचार फोन ठेवायच्या आत झाला.

सु.ला सांगितलं. ‘ज्यांची टिंगल करतोस तेच शाल देतायत? मग टिंगल लागत नसेल त्यांना.’ बायकोशी वाद घालू नये, पोळ्या करत असताना तर नाहीच.

बुध., ११ फेब्रु.

बँकेसमोरच्या कोपऱ्यावर मासे घ्यायला. गुलाबताई आणि आणखी चौघी, बुध-शुक्र-रवि. आम्ही इथे राहायला आलो तेव्हापासून ही बाई त्याच झाडाखाली त्याच पाटावर. सुरमई कापता कापता म्हणाली, ‘भाऊ, तुमचा सत्कार हाय म्हनं.’

बातमी माझ्याआधी कोपऱ्यावर पोचलेली.

मग तिने खरं काय ते सांगितलं. त्याच सभेत ह्यांचा विषय आहे. मच्छीवाल्यांना रस्त्यावरून हलवून नव्या मंडईत जागा. मंडई चांगली, टाइल्स, नळ, सगळं आहे. भाजी तळमजल्यावर. मासे पहिल्या मजल्यावर.

‘आता सांगा, सकाली पाटी डोक्यावर घेऊन जिना कोन चढल? माजे गुडगे?’

‘अन् गिऱ्हाईक?’ मी विचारलं.

‘गिऱ्हाईक खाली मेथी घेल आन जाल घरी. वर मी आन माश्या.’

शेजारची हसली. गुलाबताई नाही हसली. ‘आमी काय जागा नको नाय बोलत. खालची द्या बोलतो, गाले रिकामेच हायेत. तुमाला माईक देतात ना? दोन शब्द आमचे बोला. आमी बोललो तर गलका होतो. तुमी बोल्लात तर ऐकतात.’

बोलतो म्हणालो. अगदी सहज. पिशवी पुढे करताना म्हणतात तसं.

निघताना स्टीलचा छोटा डबा हातात दिला, सुक्या जवळ्याची चटणी, सु.साठी. डब्यावर गुलाबताईंचं नाव कोरलेलं. ‘डबा सावकाश द्या,’ म्हणाली.

गुरु., १२ फेब्रु.

सकाळी शिडी घेऊन दोन माणसं. दिव्याला पत्र्याची झडप बसवून गेली. ‘वरून फोन होता’ एवढंच म्हणाली. सदराने काही हललं नव्हतं. सत्काराला होकार दिला आणि हललं.

सु.: ‘मानधन आगाऊ मिळालं वाटतं.’

झोप उत्तम लागली. हे लिहायला नको होतं, पण रोजनिशीत खोटं लिहिणार तर खरं कुठे...

शनि., १४ फेब्रु.

भाषण. सुरुवात दिव्यावरून, मग झडपेवरून, मग रस्त्यातल्या खड्ड्यांना नावं देण्याची माझी जुनी सूचना. हशा नक्की. शेवटी गुलाबताईंचं. ते एका वेगळ्या चिठ्ठीवर, साध्या शब्दांत. ‘मासळी बाजार तळमजल्यावर द्यावा, ही विनंती.’ वाचायला पाव मिनिट.

सु. म्हणाली, हे आधी घे. म्हटलं, विनोदाचं एक शास्त्र असतं, आधी लोकांना आपलंसं करायचं, मग मुद्दा. ती म्हणाली, हो का.

जवळा संपला. डबा धुऊन ओट्यावर.

मंगळ., १७ फेब्रु.

एकदाचं लिहून टाकतो, नाहीतर लिहिणारच नाही.

सभागृह गार. आम्हा सत्कारमूर्तींना महापौरांच्या डाव्या हाताला खुर्च्या. वर प्रेक्षक गॅलरीत पहिल्या रांगेत पाचजणी. मंगळवार, धंदा बंद. गुलाबताई लग्नातल्यासारखी साडी नेसून आलेली, डोक्यात अबोली. मला बघून मान हलवली. मीही.

शाल, श्रीफळ, काचेचं स्मृतिचिन्ह. मुलगी दोन वाक्यं बोलली, डॉक्टर बरंच बोलले. मग मी.

दिव्याला हशा. झडपेला त्याहून मोठा. महापौर रुमालाने डोळे पुसत होते. दोन्ही बाजूंचे सदस्य हसत होते, जे एरवी एकमेकांकडे बघून हसतही नाहीत. इतकं बरं वाटलं की खड्ड्यांनंतर आणखी एक विनोद सांगितला, जो लिहिलेला नव्हता. चिठ्ठी खिशात होती. बोटाला लागत होती. आता मासळी काढली तर हा हशा थांबेल, एवढंच डोक्यात आलं. कोणी दम दिला नव्हता. कोणी नको म्हणालं नव्हतं. ‘धन्यवाद’ म्हणून बसलो. मनाशी म्हटलं, विषय निघेल तेव्हा उभं राहून बोलू. पाहुण्याला विषयावर बोलता येत नाही हे मला चांगलं माहीत आहे. त्यावर मी लेख लिहिलाय.

विषयपत्रिका सुरू झाली. सचिव एका सुरात वाचत होते. मी मांडीवर स्मृतिचिन्ह ठेवून त्यातल्या स्वतःच्या नावाकडे बघत होतो आणि न लिहिलेला विनोद मनात परत सांगत होतो. कोणीतरी ‘मंजूर, मंजूर’ म्हणालं. बाकं वाजली. जोरात, बराच वेळ. आणि मी उभा राहिलो. शाल सावरली. हात जोडले. महापौरांकडे, मग उजवीकडे, मग डावीकडे. हसून.

सभागृहात हशा झाला. दिवसातला सगळ्यात मोठा.

मोहनशेठ कानाशी म्हणाले, ‘अहो बसा, ते मच्छी मार्केटला वाजवलं.’

वर बघितलं. गुलाबताईंच्या शेजारच्या दोघी उठून चालल्या होत्या. ती बसलेली होती. तिने माझ्याकडे बघून हात जोडले. मी केला तसाच नमस्कार, हळू. मला केला, ठरावाला केला, की मोठ्या माणसाने नमस्कार केला की परत करायचा असतो म्हणून केला...

बुध., १८ फेब्रु.

फोटो सोसायटीच्या ग्रुपवर. मी उभा, हात जोडलेले, मागे बाकं वाजवणारे सदस्य. खाली कोणीतरी लिहिलंय, ‘ठरावाचं स्वागत करताना आपले लाडके लेखक.’ खाली अंगठे आणि फुलं. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी लिहिलंय, बरं झालं, कोपऱ्यावरचा वास जाईल. त्यांच्याकडे रविवारी कोलंबी असते.

सु.ने फोटो मोठा करून पाहिला. ‘हसतोयस की,’ म्हणाली. एवढंच.

आज माशांचा दिवस. मी दूध आणायला मागच्या गल्लीने गेलो. रात्री अंडी.

शुक्र., २० फेब्रु.

पुन्हा मागची गल्ली.

सदर लिहायला बसलो. उभं राहण्याच्या प्रसंगावर. छान उतरलं, फार छान. वाचून स्वतःच हसलो आणि मग माझीच मला किळस आली. मला लाज वाटतेय तीसुद्धा मी चुरचुरीत करून छापायला देणार, लोक म्हणणार, काय स्वतःवर हसतो हा माणूस. आणि मासे पहिल्या मजल्यावरच. पाठवलं नाही. संपादकांना ताप आहे म्हणून कळवलं.

डबा ओट्यावरच. चहा करताना दर वेळी मध्ये येतो. सु. उचलून ठेवत नाही. मुद्दाम.

रवि., २२ फेब्रु.

मासे आणायला सु. गेली. आल्यावर पिशवी सिंकमध्ये ठेवून म्हणाली, ‘विचारत होती, भाऊंना बरं नाय का?’

‘तू काय सांगितलंस?’

‘बरा आहे म्हटलं. खोटं कशाला बोलू?’

मग थोड्या वेळाने, बांगडे धुता धुता: ‘दुसऱ्या बायका बोलत होत्या तुझ्याबद्दल. तीच म्हणाली त्यांना, गडबडीत राह्यलं असंल त्यांचं बोलायचं, सत्काराची घाई असतेय.’

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्यांना उत्तर सुचतं मला.

मंगळ., २४ फेब्रु.

मोहनशेठच्या ऑफिसात. चहा, वर आणखी एक चहा. विचारलं, ठराव बदलता येतो का.

‘फेरविचार होतो. पण कुणा सदस्याने मागायला पाहिजे. मी मागू? तुम्ही भर सभेत उभं राहून हात जोडलेत, आता मीच उठून विरोध करू? हसतील मला.’

‘मला हसले ना.’

‘तुमचं कामच आहे ते, साहेब.’

माणूस वाईट नाही. लिफ्ट प्रस्तावित आहे म्हणाला. शेवटी म्हणाला, तुमच्या नावाने लेखी द्या, मग मी कुणाशी तरी बोलतो. बघू म्हणाला. ‘बघू’चा अर्थ मीच सदरात तीनदा समजावून सांगितलाय.

दुपारभर लिहिलं. एक पान, विनोद नाही. हे इतकं अवघड जाईल असं वाटलं नव्हतं. पाटी, जिना, गुडघे, गिऱ्हाईक, तळमजल्यावरचे रिकामे गाळे. दर दोन ओळींनी काहीतरी चमकदार सुचत होतं, खोडत होतो. सही पूर्ण नावाने. एक प्रत आवक खिडकीवर, शिक्का घेतला. दुसरी मोहनशेठना. तिथेच वाचली. ‘यात तुमची ती मजा नाही,’ म्हणाले.

नाही.

शनि., २८ फेब्रु.

सत्काराचा नारळ देवापाशी होता. सु. म्हणाली, पाणी आटेल त्याचं, फोड आता. फोडला. खवला मीच, बोट कापून घेतलं. वड्या मीच केल्या. ती स्टूलवर बसून सूचना देत होती, हात लावायला तयार नाही. ‘डबा रिकामा द्यायचा नसतो एवढं कळतंय म्हणजे अगदीच वाया नाही गेलेला,’ असं ओट्याला सांगितलं.

साखर जास्त झाली. वड्या पडल्या नाहीत नीट. चमच्याने कापल्या.

रवि., १ मार्च

पुढच्या गल्लीने गेलो. पाचजणी जागेवर. नोटीस लागलीय झाडाला, महिनाअखेरपर्यंत मुदत. गिऱ्हाईक होतं, थांबलो. शेजारचीने मला बघून तोंड फिरवलं आणि बोंबलांवर पाणी मारलं, थोडं माझ्या पायांवरही. बरोबर आहे.

‘या भाऊ. सुरमई नाय आज, हलवा हाय.’

म्हटलं, ‘गुलाबताई, मी त्या दिवशी बोललो नाही.’

‘बगितला आमी.’

‘राहून नाही गेलं. चिठ्ठी खिशात होती.’

ती हलव्याची खवलं काढत राहिली. कोयता थांबला नाही. मग म्हणाली, ‘लोकं हसत व्हते तवा?’

‘हो.’

‘हां.’

पत्र दिल्याचं सांगितलं, मोहनशेठ बघू म्हणाले तेही. पत्राने होईल असं नाही, तेही. तिने ‘बघू’ ऐकून शेजारचीकडे बघितलं, दोघींनाही सदर वाचायची गरज नव्हती.

‘फुडची मिटिंग कदी हाय?’

‘मुदत संपायच्या आधी. तारीख आली की सांगतो.’

‘आमी येनार. तुमी तिते खाली खुरचीवर बसू नका. वर या, आमच्याजवल. गलका करायला मानसं लागतील.’

बरं, म्हणालो. या वेळी ‘बोलतो’ म्हणालो नाही.

हलवा घेतला. मग पिशवीतून डबा काढून तिच्या पाटाच्या कडेला ठेवला. तिने ओला हात साडीला पुसून झाकण उघडलं, एक वडी उचलली, ती अर्धी डब्यालाच चिकटून राहिली.

‘कोनी केल्यात?’

‘मी.’

‘दिसतंय. नारल कनचा?’

‘सत्काराचा.’

तिने वडी तोंडात टाकली, झाकण लावलं, कोरलेल्या नावावरून एकदा अंगठा फिरवला आणि डबा पाटाखाली सरकवून पुढच्या गिऱ्हाइकाला पापलेट दाखवायला लागली.