सुमेधची सही

३ फेब्रुवारी
प्रबंधाचं प्र. ३ चालू. पहिल्या महायुद्धातली उत्तर समुद्रातली नाकेबंदी. आज जटलंडची लढाई, चार पानं झाली. तोफा भराभर भरता याव्यात म्हणून ब्रिटिश जहाजांवर दारूगोळ्याच्या कोठाराकडची दारं उघडीच ठेवत. एक आग आत शिरली की अख्खं जहाज जायचं. हजारावर माणसं, काही मिनिटांत. तळाशी बॉयलरमध्ये कोळसा टाकणाऱ्यांबद्दल मी आठ ओळी लिहिल्या होत्या. गाइड सरांनी समासात शेरा मारला: ‘भावनिक. किती टन बुडाले ते द्या.’ ओळी काढल्या. टन दिले.

दुपारी धाकट्या भावाचा, सुमेधचा फोन, इस्तंबूलबाहेरून. तो इंजिनवर काम करतो ते मालवाहू जहाज नांगर टाकून उभं आहे. पुढे काळ्या समुद्रात जायचं, मका भरायला, म्हणजे थेट लढाईच्या किनाऱ्यावर. कंपनीनं तीन पानी इंग्रजी कागद दिलाय, प्रत्येकाची सही हवी. त्यानं फोटो पाठवले.
“दीदी, तू वाचून सांग ना. मले तं आधाच समजला.”
बाबा समोरच. “घरात शिकलेली तूच हायेस. तू म्हणशील तसं करीन तो.”

वाचलं. भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवून बाबांना समजावलं. धान्य बाहेर जायला लढणाऱ्या दोघांनाही हवंय, मग व्यापारी जहाजाला हात लावून कोणाचं भलं होणार? सुमेधला म्हटलं, कर सही. बाबा आईला हाक मारून सांगतात, “पाह्य वं, पोट्टीनं अख्खी लढाईच समजावून देली!” छान वाटलं. खोटं कशाला लिहू.

तिसऱ्या पानावर एक ओळ होती. ज्याला युद्धाच्या भागात जायचं नाही त्यानं नकार द्यावा, कंपनी त्याला घरी पोचवेल, नोकरीला धक्का नाही. ती मी त्याला सांगितली नाही. लपवली नाही. सांगायची गरज वाटली नाही.

९ फेब्रुवारी
जहाज युद्धाच्या पट्ट्यात शिरलंय. मोबाइलवरच्या नकाशात काल एका डोंगरावर दिसत होतं. तिकडे दोन्हीकडून सिग्नल बिघडवतात म्हणून असं होतं. आईला दाखवलं तर म्हणे, “जहाज डोंगरावर काहून चढलं? ड्रायव्हर दारू पेला का?” खूप हसलो.

संध्याकाळी सुमेधचा मेसेज. सुटलेला सुरुंग पाण्यावर तरंगत बाजूनं गेला. काळा, मेलेल्या म्हशीच्या फुगलेल्या पोटासारखा, वर शिंगं. सगळे कठड्याशी उभे. इंजिनला तेलपाणी करणारा ऑइलर रोडेल, फिलिपिन्सचा, सुमेधला काम शिकवतो, त्यानं सुरुंगाला टोपी काढून सलाम ठोकला म्हणे.
हे आईला सांगितलं नाही.

१२ फेब्रुवारी
समता कॉलोनीतला क्लास. फळ्यावर युरोपचा नकाशा काढत होते. मावसभावाचा व्हिडिओ आला: ‘ये सुमेध का पोर्ट है क्या?’ बंदराचा धक्का जळतोय. क्रेन मधोमध वाकलेली. मक्याचं कोठार फुटून पिवळा ढीग रस्त्यावर, आणि त्यात अर्धा पुरलेला माणूस, बूट वर. मग एक जहाज, मागचा भाग उघडा पडलेला. इंजिन मागेच असतं.
नाव वाचता आलं.
खडू हातात. मुली म्हणाल्या, “मॅडम, क्या हुआ?”
घरी कशी आले…

१३ फेब्रुवारी
फोन नाही. सुमेधला जहाजावर लावणारा एजंट म्हणतो, माहिती घेतोय. टीव्हीवर हे म्हणतात त्यांनी मारलं, ते म्हणतात यांनी. बाबांनी रिमोट भिंतीवर फेकला, तुकडे झाले.

१४ फेब्रुवारी
जिवंत आहे!! सुमेधचा सहा मिनिटांचा व्हॉइस मेसेज आला. तीनदा ऐकला. आता लिहून ठेवते, पुन्हा ऐकणार नाही.

सकाळी दहाची वेळ. पहिलं ड्रोन धक्क्यावर. रोडेलनं सुमेधला वर पाठवलं, झडप बंद करायला. हा शिडीवर असताना दुसरं चिमणीतून आत आलं. शिडीसकट फेकला गेला. खाली तेल पेटलेलं. थर्ड इंजिनिअर हातांवर रांगत वर आला, हातांची कातडी मोज्यासारखी लोंबत होती. रोडेल आला नाही. आग विझल्यावर यानंच त्याला काढला. “दीदी, उसको उठाया तो हाथ मेरे हाथ में रह गया.” प्रेत आता जहाजाच्या मटणाच्या थंड खोलीत ठेवलंय. सुमेधचा डावा कान बंद आहे.

१५ फेब्रुवारी
आईबाबांना त्या ओळीबद्दल सांगितलं. सांगायलाच हवं होतं.
आईनं मारलं. लहानपणापासून कधीच नाही, आज तीनदा. ओठ फुटला. “पोट्टं वापस येत होतं! तुह्या एका शब्दावर येत होतं!” बाबा सोडवायला उठले नाहीत. मग त्यांनी नकाशा भिंतीवरून ओढला, खिळे उपटून आले, आणि पायाखाली तुडवला. रेल्वेच्या वॅगन शॉपमध्ये पस्तीस वर्षं लोखंड ठोकणारा माणूस कागद तुडवत होता.


१७ फेब्रुवारी
सरांकडे. मुदत मागायला. सगळं सांगितल्यावर म्हणाले, “अरे, ये तो प्राइमरी सोर्स है! भाई का इंटरव्ह्यू कर लो, चैप्टर खड़ा हो जाएगा.” टेबलावर काचेचा पेपरवेट होता. त्यांच्या दातांवर हाणावा असं वाटलं, हातात घेतलाही होता. ठेवला.
तात्यापाऱ्याच्या चौकापर्यंत पायी आले. काढलेल्या आठ ओळी आठवून पाहिल्या. दोनच आठवतात.

१८ फेब्रुवारी
सुमेधला सांगितलं. फोनवर, एका दमात. परतायचा हक्क तेव्हाही होता, मी सांगितला नाही.
तो म्हणाला, “जोरात बोल, इस कान से सुनाई नहीं देता.”
दुसऱ्यांदा सांगणं पहिल्यापेक्षा वाईट.
शिवी दिली. मोठी. मला आजवर न दिलेली. फोन बंद.

त्याच्या वतीनं नकाराचं पत्र तयार केलं, इंग्रजीत, कलमासकट. पाठवलं. नुसती सही करायची आहे. एजंट म्हणतो, बसनं सीमेपार काढता येईल, दोन दिवस लागतील.

२० फेब्रुवारी
त्याचा फोन. सही केली नाही.
सहायक इंजिन चालू झालंय, मुख्य निम्म्या ताकदीनं चालेल. कॅप्टन जहाज बाहेर काढणार. इंजिनवर आता तीनच माणसं, हा गेला तर दोन. दोघांनी जहाज निघत नाही.
बाबांनी फोन हिसकावला. “आबे, मरतं का तिथं? दीदीनं चिठ्ठी पाठवली ना, सही कर अन् घरी ये!”
“बाबा, इथं उभं राहिलो तं रोज ड्रोनचा मार पडून राहिला. कालही पडला. समुद्रात चुकवता तरी येते. अन् रोडेलले फ्रीजमध्ये सोडून येऊ का?”
“तो तुह्या कोण लागते?”
“हव, कोणी नाही.”
मग मला: “दीदी, ह्या वेळी पूर्ण वाचलं मी. डिक्शनरी घेऊन. तू नको सांगू काही.”

मी काय सांगणार होते? बंदरातलं जहाज उभं लक्ष्य असतं, हे मीच प्र. ३ मध्ये लिहिलंय. वाहते सुरुंग त्याच वाटेवर आहेत, हेही खरं. दोन्ही मांडून पाहिलं.

२२ फेब्रुवारी
पहाटे निघाले असं एजंट म्हणतो. पट्ट्यात शिरताना जहाजं आपला ठावठिकाणा कळवणारा सिग्नल बंद करतात. मोबाइलवर शेवटचा ठिपका काल दुपारचा, बंदरातलाच.
क्लासला गेले नाही. बाबा सकाळपासून विहाराच्या पायरीवर बसलेत, आत जात नाहीत.
आई माझ्याशी बोलत नव्हती सात दिवस. आज येऊन शेजारी बसली, माझ्या हातातला मोबाइल पाहत राहिली. मग म्हणाली, “वाचते का माह्या सुमेध? तू शिकलेली हायेस, सांग.”
म्हटलं, “मले नाही माहीत, आई.”
ती उठली नाही.
चार वाजलेत. अजून ठिपका नाही